शेजारच्या खुर्चीवर कोण?

येवल्याहून मुंबईला निघालेल्या माणसाला घरातली वडीलधारी मंडळी पूर्वी दोनच गोष्टी विचारायची. उतरणार कुठं आणि जेवणाचं काय? उतरण्याची सोय बहुधा कुणातरी गाववाल्याच्या खोलीत व्हायची. जेवणाचा प्रश्न मात्र अवघड होता, आणि तो केवळ पैशांचा नव्हता. पैठण्यांचा गठ्ठा घेऊन मनमाडला मुंबईची गाडी पकडणाऱ्या माणसाच्या कनवटीला जेवणापुरते पैसे असायचेच. तरीही दशम्या, भाकरी, लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली जायची. त्या फडक्यात माया होती हे खरंच. पण थोडा धाकही होता. बाहेर कुणाच्या हातचं खावं लागेल, कुणाच्या शेजारी बसावं लागेल, याचा धाक.

बाहेर खाण्याचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा चवींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वडा कुठून आला, पाव कुणी आणला, इराण्याच्या चहाला ती चव कशी येते, वगैरे. मुंबईत कुठं काय खावं याच्या याद्या तर दर पावसाळ्यात नव्यानं निघतात. त्यात वाईट काही नाही. मीही त्या वाचतो. पण आज मला याच इतिहासाची दुसरी बाजू सांगायची आहे. मुंबईसारख्या शहरात अनोळखी माणसं एका छपराखाली जेवायला बसू लागली, ही घटना घडायला निदान शंभर वर्षं लागली. त्यात भांडणं झाली, प्रायश्चित्तं झाली, शेवटी कायदेही करावे लागले. आणि या कथेतलं एक महत्त्वाचं पान आपल्या येवल्यातच लिहिलं गेलं आहे.

सुरुवात पुण्यातल्या एका चहापासून करू. १८९० सालची गोष्ट. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी हे मोठे विक्षिप्त गृहस्थ. त्यांनी पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. तिथं चहा आणि बिस्किटं समोर आली. कुणी चहा घेतला, कुणी शिष्टाचार म्हणून कप नुसता हातात धरला, कुणी बाजूला सारून ठेवला. पुढं गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात एकच गहजब उडाला. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला पंच नेमले गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं आणि त्याबद्दल स्वतःच्याच सुधारक मित्रांचे बोल ऐकले. देशाच्या राजकारणाची दिशा ठरवणारी ही माणसं. पण मिशनऱ्यांच्या घरच्या एका कप चहानं त्यांना वर्ष-दोन वर्षं पुरवलं. ज्या समाजात एवढ्या थोरांची ही गत, तिथं सामान्य माणसानं बाहेर जेवावं तरी कसं?

त्याचं उत्तर होतं खाणावळ. आज आपण खाणावळ आणि हॉटेल हे शब्द एकाच अर्थानं वापरतो, पण मुळात दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा. हॉटेलात कुणीही जाऊ शकतो, निदान तसं गृहीत असतं. खाणावळीला ‘मेंबर’ असतात. महिन्याचे पैसे ठरलेले, बसायची जागा बहुधा ठरलेली, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मेंबर कोण असणार हेही ठरलेलं. गिरगावात कोकणातून, देशावरून शिकायला किंवा कारकुनीला आलेल्या ब्राह्मण तरुणांची खाणावळ वेगळी. परळ-लालबागला रत्नागिरीकडच्या गिरणी कामगारांची वेगळी, साताऱ्याकडच्यांची वेगळी. गावाकडची पंगतच गाडीत बसून मुंबईला आली आणि चाळीतल्या एका खोलीत तिनं पाट मांडले, असं म्हणायला हरकत नाही. खाणावळ म्हणजे घर नव्हे. पण घरचे नियम तिथं शाबूत होते.

याच काळात रेल्वेच्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी दोन पिंपं असत, दोन पाणके असत. चहाचंही तेच. मनमाडसारख्या जंक्शनवर गाडी थांबली की तहानलेल्या माणसाला आधी आपला धर्म आठवावा लागायचा. आणि ज्यांना यातल्या कुठल्याच पिंपाजवळ धड उभं राहता येत नव्हतं, त्यांच्यासाठी तिसरं पिंप नव्हतं.

मुंबईत मराठी माणसानं उपाहारगृहं काढली ती याच पार्श्वभूमीवर. दादरला १९१० साली निघालेलं मामा काण्यांचं उपाहारगृह पुढं पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिव्हाळ्याचं ठिकाण झालं. त्याचं मूळ नाव होतं ‘दक्षिणी ब्राह्मणाचे स्वच्छ उपाहारगृह’. आज ही पाटी वाचून कुणी हसेल, कुणी रागावेल. मला ती त्या काळाचा दस्तऐवज म्हणून महत्त्वाची वाटते. पाटी ग्राहकाला काय सांगते? इथला बटाटेवडा चांगला आहे, असं ती सांगत नाही. चुलीपुढं कोण आहे ते सांगते. परगावच्या, अनोळखी शहरात घाबरलेल्या माणसाला ती धीर देते. त्यातला ‘स्वच्छ’ हा शब्दही नीट पाहण्यासारखा आहे. त्यात धुतलेली कपबशी आहे आणि सोवळंही आहे. दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत. काळाच्या ओघात ‘दक्षिणी ब्राह्मणाचे’ हे शब्द पाटीवरून गेले आणि ‘स्वच्छ’ तेवढा राहिला. एवढ्याशा बदलात अर्धशतकाचा सामाजिक इतिहास मावतो. असे ब्राह्मणी नाव लावलेले फलक तेव्हा पुण्या-मुंबईत आणि तालुक्याच्या गावीही सर्रास दिसत. स्वयंपाक ब्राह्मणाच्या हातचा असला म्हणजे तो सर्वांना चालतो, असा त्यामागचा साधा व्यापारी हिशेब होता.

हा हिशेब मोडला तो इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द, करमान या भागांतून झरतुष्टी मंडळी मुंबईला आली. काही इराणी मुसलमानही आले. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ सालचं. बहुतेक इराणी हॉटेलं कोपऱ्यावर. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानत म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. खरंखोटं काहीही असो, कोपऱ्यामुळं दुकानाला दोन रस्त्यांची तोंडं मिळाली आणि आत येणाऱ्याला कुणाची ओळख सांगावी लागेना. संगमरवरी टेबल, काळ्या लाकडाच्या बाकदार पाठीच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर मालक. एक चहा, एक ब्रून मस्का आणि वर्तमानपत्र एवढ्यावर तास काढता यायचा. खुर्ची रिकामी दिसली की बसायचं. समोर आधीच कुणी बसलेलं असलं तर त्याच्याच टेबलावर बसायचं.

हे शेवटचं वाक्य आज आपल्याला काहीच सांगत नाही. त्या काळात मात्र ते भलतंच धाडसाचं होतं. पंगतीत माणूस आपल्या शेजारच्याला ओळखून बसतो; टेबलावर तो न ओळखता बसतो. जातीच्या उतरंडीत इराण्याची पायरी कुणी ठरवलेली नव्हती, कारण तो बाहेरून आलेला. त्यामुळं त्याच्या हातचं खावं की खाऊ नये यावर शास्त्री घोळ घालत बसले तोवर गिरण्यांचे, गोदीचे, कचेऱ्यांचे लोक चहा पिऊन कामावर गेलेसुद्धा. इराणी समाजसुधारक होता असं मी म्हणत नाही. त्याला गल्ला भरायचा होता. भिंतीवर सूचनांची रांग लावणारा तो मोठा खाष्ट माणूस. आता बंद पडलेल्या बस्तानीतल्या अशा पाट्यांवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच केली. पण त्या सूचनांत बहुतेक मनाई वागण्याची होती. जात विचारणारी पाटी तिथं नव्हती, आणि मला वाटतं मुंबईवर इराण्याचे जे उपकार आहेत त्यात मावा केकपेक्षा हा मोठा.

पण इथं थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून आले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला निघाले. बडोद्याला उतरल्यावर पहिला प्रश्न तोच, राहायचं आणि जेवायचं कुठं? हिंदू हॉटेलात अस्पृश्याला थारा नव्हता. शेवटी एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव लिहून दिवसाला दीड रुपया दरानं जागा मिळवली. रिकाम्या, अंधाऱ्या माडीवर एकट्यानं दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली पारशी माणसं जिन्यावरून वर आली आणि त्यांनी बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्यानंही आसरा नाकारला. त्यांनी शहरातल्या बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला पैसे देऊनही खोली आणि ताट मिळालं नाही, ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढं लिहून ठेवली आहे. मुंबईतल्या इराण्याचं मोकळेपण म्हणूनच जपून मोजायला हवं. मोठ्या शहराच्या गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही. ओळख पटली की काय होतं ते बडोद्यानं दाखवलं.

याच सुमारास कोल्हापुरात एक वेगळी घटना घडत होती. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. मराठ्यांच्या हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामांना चाकरीत न ठेवता स्वतःचा धंदा काढायला सांगितलं आणि पैशाची मदत केली. गंगारामांनी चहाचं हॉटेल काढलं, त्याचं नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातलं कोण येणार? तेव्हा महाराजांनी हॉटेलापुढं गाडी उभी करून चहा मागवायला सुरुवात केली. बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. नंतर नंतर कामासाठी महाराजांना गाठू पाहणारे लोकही तिथं येऊ लागले. या गोष्टीत मला आवडतो तो त्यातला व्यवहारीपणा. सहानुभूतीची भाषणं करणारे त्या काळातही पुष्कळ होते. शाहू महाराजांनी गिऱ्हाईक होणं पत्करलं. दुकान चालायला गिऱ्हाईक लागतं, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

आता येवल्याकडे येऊ. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात अस्पृश्यांची परिषद भरली. दहा हजारांच्या आसपास लोक जमले होते. आपण हिंदू म्हणून जन्माला आलो ते आपल्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असं बाबासाहेबांनी तिथं जाहीर केलं आणि मंदिरप्रवेशासाठी शक्ती खर्च करणं थांबवायला सांगितलं. त्या जागेवर आज मुक्तिभूमीचं स्मारक उभं आहे. आपण येवलेकर ही घटना धर्मांतराच्या इतिहासात ठेवतो आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी जमलेल्या माणसांच्या रोजच्या जगण्यात देवळाइतकाच मोठा दरवाजा आणखी एक होता, तो गावच्या हॉटेलाचा. तालुक्याच्या बाजाराला आलेल्या अस्पृश्याला चहा मिळायचा तो बाहेर, वेगळ्या कपात. कप तो स्वतः धुऊन वळचणीला किंवा कोनाड्यात ठेवायचा. पैसे वरून टाकायचे. देवळात माणूस वर्षातून दोनदा जातो. बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलावरून त्याला दर आठवड्याला जावं लागतं.

याच दशकात सहभोजनाची चळवळही जोरात होती. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांच्या प्रेरणेनं १९३३ साली ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ निघालं, सर्व जातींच्या हिंदूंना खुलं. पुढं अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला दलित जोडपं बसवायचं आणि प्रसाद म्हणून शिऱ्याऐवजी सर्वांनी मिळून झुणका-भाकर खायची. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘समतानंद’ म्हटलं ते यासाठीच. (१९९५ साली युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली, तेव्हा गद्र्यांची आठवण किती जणांना झाली असेल कोण जाणे. त्यातल्या कित्येक केंद्रांवर पुढं वडे आणि चायनीज विकलं जाऊ लागलं, तो भाग वेगळा.)

बाबासाहेबांचं मत मात्र स्वच्छ होतं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, आणि मंडळानंच सभा रद्द केल्यामुळं न झालेल्या भाषणात त्यांनी सहभोजनाचा विचार केला आहे. नुसतं एकत्र जेवून जात मरत नाही, असं त्यांचं म्हणणं. रोटी आणि बेटी यांत खरी गाठ बेटीव्यवहाराची आहे, ती सुटल्याशिवाय काही होणार नाही. पुढच्या नव्वद वर्षांचा अनुभव पाहता हे खोटं ठरवणं कठीण आहे. तरीही रोटीव्यवहाराला मी क्षुल्लक म्हणणार नाही. ज्याला वळचणीच्या कपातून प्यावं लागलं नाही, त्यानं त्या कपाचं मोल ठरवू नये.

तो कप कायद्यानं बंद झाला. मुंबई प्रांतात १९४६ साली हरिजनांच्या सामाजिक अडचणी दूर करणारा कायदा झाला. मग राज्यघटना आली. तिच्या १५ व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही, असं लिहिलं आहे. देशाच्या मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेलाचा उल्लेख यावा, याचं परदेशी माणसाला नवल वाटेल. आपल्याला वाटू नये. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यानं अशा अडवणुकीला सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची शिक्षा ठेवली. खेड्यापाड्यातली वेगळ्या कपांची रीत त्यानंतरही पुष्कळ वर्षं टिकली, पण ती आता गुन्हा होती आणि ती तशी आहे हे लोकांना माहीत होतं.

त्या कलमात लिंगाचाही उल्लेख आहे, तो सहज नजरेतून सुटतो. बाईनं हॉटेलात बसून खाणं ही तर आणखी अलीकडची गोष्ट. आपल्याकडच्या गावांतून ‘फॅमिली रूम’ नावाची जी प्लायवूडची किंवा पडद्याची खोली असायची, ती कशासाठी होती? घरच्या बायकांना परक्यांच्या नजरेपासून वाचवण्यासाठी. एकट्या बाईला तर तीही खोली नव्हती. आणि गंमत पाहा, मुंबईला बाहेरचं जेवण ज्यांनी मोठ्या प्रमाणावर घातलं त्या बहुतांशी बायकाच होत्या. गिरणगावात घरटी एखादी बाई दहा-पंधरा कामगारांना जेवण करून घालायची. पहाटेच्या पाळीचं, दुपारच्या पाळीचं, रात्रीच्या पाळीचं. नवऱ्याची नोकरी गेलेली, किंवा तो दारूत बुडालेला, किंवा वारलेला. वाण्याकडून उधारीवर माल आणायचा, पगाराच्या दिवशी मेंबर पैसे देणार, त्यातून वाण्याचं आणि सावकाराचं भागवायचं. संप झाला की मेंबर पैसे देऊ शकत नसत, पण जेवायचे थांबत नसत. मग बाईच्या गळ्यातलं आणि घरातली भांडी गहाण पडत. मुंबईतले मोठमोठे संप कामगारांनी लढवले असं आपण म्हणतो. ते या बायकांच्या उधारीवर लढवले गेले, हेही म्हणायला हवं. गोवामुक्तीच्या लढ्यात आणि कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. ज्या बाईला तोवर कुणी धंदेवाली उद्योजक मानलं नव्हतं, तिच्या नावानं बँकेत खातं उघडलं. पुढं १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि त्या संपानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत. खाणावळींचे मेंबर गावाकडे परतले.

मधल्या काळात उडप्यांनी मुंबई जिंकली होती. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी १९४२ साली काढलेलं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग केळीच्या पानावर पोटभर जेवण देऊ लागलं. शाकाहार, झटपट सेवा आणि परवडणारा दर या तीन गोष्टींवर उडपी हॉटेलांनी मराठी उपाहारगृहांना मागं टाकलं. फाळणीनंतर पंजाबी आले, सिंधी आले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं आपल्याला ‘परमिट रूम’ हा शब्द दिला. दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडा पावात गेला आणि बसायची खुर्चीच नको झाली. उभ्या उभ्या खाणाऱ्याला शेजारी कोण हा प्रश्न पडत नाही. वडापावाचं हे यश कुणी फारसं सांगत नाही.

मराठी प्रांतोप्रांतीच्या स्वयंपाकघरांनी मुंबईत पाट्या लावल्या त्या क्रमात मात्र पुष्कळ काही दडलेलं आहे. आधी थालीपीठ, साबुदाणा वडा, पियुष, म्हणजे गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरातलं खाणं ‘महाराष्ट्रीय पदार्थ’ म्हणून मान्य झालं. मग गोमंतक आणि मालवणची मासळी आली. खोताच्या वाडीतला, आता बंद झालेला अनंताश्रम ज्यांना आठवतो ते त्याबद्दल अजून हळवे होतात. त्यानंतर कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, मग खानदेशची शेवभाजी आणि भरीत, नागपूरचं सावजी. सावजी हे मूळचं नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं तिखटजाळ जेवण. मागावर बसणाऱ्यांचं जेवण हॉटेलाच्या पाटीवर गेलं, याचं मला येवलेकर म्हणून कौतुक वाटतं आणि थोडा हेवाही. येवल्याची पैठणी मुंबईच्या प्रत्येक लग्नात पोचली, येवल्याच्या विणकराचं ताट मात्र कुठं पोचलं नाही.

आणि या पाट्यांच्या रांगेत अजूनही न आलेली स्वयंपाकघरं आहेत. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आलं, २०२४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होतं, कोणते भाग वाट्याला येत, ते वाळवून कसे टिकवत, तेल-तूप नसताना काय करत, हे त्यांनी पाककृतींसकट लिहिलं आहे. पुस्तकाच्या नावातच ‘पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्यांना दिलेलं उत्तर आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’नं १९७८ साली ज्या जगण्याकडे पाहायला लावलं, त्याच जगण्याच्या चुलीपुढं हे पुस्तक नेऊन बसवतं. वाचणारे वाचतात, परीक्षणं येतात. त्या पदार्थांची पाटी दादरला किंवा पुण्याच्या कर्वे रस्त्यावर लागेल का, आणि लागली तर आत कोण जाईल, याचा विचार करून पाहा.

आजच्या मुंबईत ज्यांना बिस्ट्रो म्हणतात ती ठिकाणं सर्वांत दाट कुठं असतील तर लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात. जिथं सूत निघायचं तिथं कॉफी निघते. जागा छान आहेत, पदार्थही चांगले असतात, मी तुच्छतेनं बोलत नाही. पण तिथल्या एका कॉफीच्या किमतीत शासनाच्या शिवभोजन केंद्रावरच्या कित्येक थाळ्या येतील. २६ जानेवारी २०२० रोजी ही योजना सुरू झाली तेव्हा थाळीचा दर दहा रुपये होता. कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री आग लागून १४ माणसं गेली, तेव्हा या चकचकीत जागांची आतली अवस्था काही दिवस चर्चेत आली. एकेकाळी जात पाहून दरवाजा बंद व्हायचा. इथं दरवाजा उघडा असतो, पण दाराशीच टांगलेलं दरपत्रक वाचून माणूस आपणहून पुढं जातो. त्याला कुणी अडवलेलं नसतं, म्हणून कुठल्या कलमाखाली तक्रारही करता येत नाही.

जुना प्रश्नही गेलेला नाही, त्यानं वेष बदलला आहे. २०२३ च्या जुलैत मुंबई आयआयटीच्या एका वसतिगृहाच्या कँटीनमध्ये ‘इथं फक्त शाकाहारींनी बसावं’ अशा अर्थाचे कागद भिंतीवर दिसले. पुढं सप्टेंबरमध्ये १२, १३ आणि १४ क्रमांकाच्या वसतिगृहांच्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारी जेवणासाठी राखून ठेवण्यात आली. काही विद्यार्थ्यांनी त्या टेबलांवर बसून मांसाहार करून निषेध केला. त्यातल्या एकाला दहा हजार रुपये दंड झाला.